फ्लेक्सची तीच एरर परत परत येतेय? आधी बघा ओरडतंय कोण

फ्लेक्स म्हणजे तुम्ही दिलेल्या पॅटर्नवरून मजकुराचे तुकडे ओळखणारा प्रोग्रॅम (स्कॅनर) बनवून देणारं टूल, आणि ते वापरणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. पॅटर्नची फाइल लिहिली, कमांड मारली, एरर आली, कुठूनतरी एक ओळ उचलून चिकटवली, एरर गेली, सगळे खूश, आणि मग दुसऱ्या मशीनवर किंवा पुढचा बदल केल्यावर तीच एरर परत दारात उभी. परत शोधाशोध, परत चिकटवाचिकटवी. माझं मत विचाराल तर यात फ्लेक्सचा दोष फार थोडा असतो, गडबड ही की एरर नेमकी दिली कोणी हे कोणी बघतच नाही. फ्लेक्स तुमच्या फाइलवरून सी कोड बनवून देतं आणि तिथेच त्याचं काम संपतं, नंतर सी कंपायलर येतो, मग कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर, मग तुमचा प्रोग्रॅम चालतो, आणि या सगळ्यांना हाकणारं मेक मागे गुपचूप बसलेलं असतं. एकाचं औषध दुसऱ्याला पाजलं की ताप तेवढ्यापुरता उतरतो, बस.

(कमांड, ऑप्शन, फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिलीयेत, टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे.)

सगळ्यात पहिली फसगत अशी होते. फ्लेक्स जी लेक्स.वायवाय.सी फाइल बनवतं तिच्यात जागोजागी #लाइन अशा सूचना पेरलेल्या असतात, त्यामुळे तुमच्या ॲक्शनमधल्या, म्हणजे पॅटर्न जुळल्यावर चालणाऱ्या, सी कोडात सेमीकोलन राहिला तर जीसीसी (सी कंपायलर) एरर देताना नाव घेतं तुमच्या पॅटर्नच्या फाइलीचं, स्कॅन.एलचं, लेक्स.वायवाय.सीचं नाही. सोय छानच आहे, पण बघणाऱ्याला वाटतं फ्लेक्सला आपला पॅटर्न कळला नाही, आणि तो बरोबर असलेलं रेग्युलर एक्सप्रेशन उलटंसुलटं करत बसतो. ओळखायची खूण सांगतो. जीसीसी ओळीच्या नंबरानंतर कॉलमचा नंबरही देतं, मग 'एरर' हा शब्द, आणि खाली तुमची ओळ छापून बोट दाखवतं. फ्लेक्स कोरडं बोलतं, फाइल, ओळ आणि 'अनरेकग्नाइझ्ड रूल', संपलं. वॉर्निंगमध्ये तर आणखी सोपं आहे, 'वॉर्निंग' शब्दाच्या पुढे स्वल्पविराम असेल तर ती फ्लेक्सची, कोलन असेल तर जीसीसीची. तरीही शंका असली तर दोन्ही कमांड एका ओळीत जोडून मारू नका, आधी नुसतं फ्लेक्स चालवा, मग इको $? करा, शून्य आलं म्हणजे फ्लेक्सला काही म्हणायचं नाहीये आणि पुढचा सगळा आरडाओरडा दुसऱ्या कोणाचा आहे.

आता फ्लेक्स स्वतः ओरडत असेल तर. 'अनरेकग्नाइझ्ड रूल' दहातल्या नऊ वेळा स्पेसमुळे येतं (रूल म्हणजे एक पॅटर्न आणि त्याची ॲक्शन). फ्लेक्ससाठी पॅटर्न पहिल्या कॉलमपासून सुरू होतो आणि पहिली मोकळी जागा आली की संपतो, त्यापुढचं सगळं ॲक्शन. म्हणजे पॅटर्नमध्ये दिसायला बरं म्हणून कुठे स्पेस टाकली असेल तर ती गेली कामातून, स्पेस खरोखर हवी असेल तर ती अवतरणात किंवा चौकटी कंसात घाला. उलट बाजूने, रूलची ओळ एक टॅब आत सरकवली तर फ्लेक्स तिला पॅटर्न मानतच नाही, सी कोड समजून जशीच्या तशी पुढे ढकलतं, आणि मग बोंब मारतं जीसीसी. एडिटर आपोआप इंडेंट करून देत असेल तर हा प्रकार दर सेव्हला परत होतो आणि म्हणूनच तो 'जातच नाही' असं वाटतं. एडिटरला या फाइलींपुरतं ऑटो इंडेंट बंद करायला सांगा, कायमचं सुटेल.

कमेंटचंही तसंच. %% या भाग पाडणाऱ्या खुणेच्या वरच्या भागात पहिल्या कॉलमपासून कमेंट लिहिली तरी चालते, पण खाली रूलच्या भागात तशीच लिहिली तर स्लॅश-तारा हा पॅटर्न म्हणून वाचला जातो, तिथे कमेंट थोडी आत सरकवून लिहावी लागते. आणि ॲक्शनचा महिरपी कंस पॅटर्नच्याच ओळीवर उघडा, खालच्या ओळीवर उघडायची ज्यांना सवय आहे (मलाही तीच शैली आवडते, पण इथे नाही) त्यांचा तो कंस फ्लेक्स नवा पॅटर्न म्हणून वाचायला जातं.

'रूल कॅनॉट बी मॅच्ड' ही वॉर्निंग लोक सरळ दाबून टाकतात, -डब्ल्यू देऊन. असं नका करू, ही वॉर्निंग जवळजवळ नेहमी खरी असते. फ्लेक्सचे नियम दोनच, जो पॅटर्न जास्तीत जास्त अक्षरं गिळेल तो जिंकतो, आणि बरोबरी झाली तर फाइलीत जो आधी लिहिलाय तो. मग व्हेरिएबलच्या नावाचा पॅटर्न वर आणि 'इफ', 'व्हाइल' खाली असतील तर बरोबरीत नावच जिंकणार, 'इफ'चा नंबर कधी लागणारच नाही. कीवर्ड वर घ्या, नाव खाली. चार महिन्यांनी कोणीतरी नवा कीवर्ड शेवटी जोडतो आणि तोच घोळ परत होतो, तेव्हा वॉर्निंग दाबलेली असेल तर कळायला मार्ग नाही.

आता लिंकर. इथे ती जगप्रसिद्ध एरर, 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू वायवायरॅप'. हिच्यासाठी सगळे सांगतात -एलएफएल, म्हणजे फ्लेक्सची लायब्ररी, जोडा. जोडली की जाते, आणि परत येते तीही इथूनच.

मागची गोष्ट थोडक्यात अशी. लेक्स हे मूळ टूल बेल लॅब्समध्ये १९७५ च्या सुमारास माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी केलं, फ्लेक्स हे त्याचं नंतरचं, वेगवान रूप, व्हर्न पॅक्सननी १९८७ च्या आसपास लिहिलेलं. इनपुट संपल्यावर स्कॅनर वायवायरॅप नावाचं फंक्शन बोलावतो आणि विचारतो की अजून फाइल आहे का. एक आलं तर संपलं, शून्य आलं तर पुढे वाचा. हे फंक्शन तुम्ही लिहिलं नाही तर एका छोट्याशा लायब्ररीतून घ्यायचं, अशी ती जुनी पद्धत. त्या लायब्ररीत म्हणण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत, एक वायवायरॅप जे नेहमी एक परत करतं, आणि एक मेन जे वायवायलेक्सला, म्हणजे स्कॅनरच्या मुख्य फंक्शनला, बोलावत राहतं. एवढ्यासाठी आख्खी लायब्ररी लिंक करायची आणि मग तिच्या मागे धावायचं.

धावावं कसं लागतं बघा. उबुंटू, डेबियनवर फ्लेक्स इन्स्टॉल केलं तरी ती लायब्ररी वेगळ्या पॅकेजात असते, लिबएफएल-डेव्ह, म्हणजे नव्या मशीनवर ते आलं नसेल तर 'कॅनॉट फाइंड -एलएफएल'. मॅकवर तिचं नाव -एलएल, म्हणजे तुमची मेकफाइल (मेकला सूचना देणारी फाइल) मॅकवाल्याकडे फुटणार. -एलएफएल ऑब्जेक्ट फाइलींच्या (कंपाइल झालेल्या .ओ फाइलींच्या) आधी लिहिली तर लिंकर ती बघून पुढे जातो आणि शेवटी तीच जुनी एरर देतो, कारण लायब्ररी वाचली तेव्हा तिची गरज कोणाला आहे हे त्याला माहीतच नव्हतं. दोन स्कॅनर एकाच प्रोग्रॅममध्ये हवेत म्हणून प्रिफिक्स ऑप्शन दिला की वायवायरॅपचंही नाव बदलतं आणि लायब्ररीतलं फंक्शन बिनकामाचं ठरतं. आणि सी प्लस प्लसमध्ये स्वतः वायवायरॅप लिहिलंत तर त्याला एक्स्टर्न सी लावावं लागतं.

हे सगळं टाळायला स्कॅन.एलच्या वरच्या भागात एक ओळ पुरते, %ऑप्शन नोवायवायरॅप. एकामागून एक अनेक फाइली वाचायच्या नसतील तर हेच करा, -एलएफएल मेकफाइलीतून काढून टाका, विषय संपला. काढल्यावर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू मेन' आलं तर घाबरू नका, तुमच्याकडे मेन नव्हतंच, लायब्ररी गुपचूप पुरवत होती. स्वतःचं लिहा, नाहीतर नुसती चाचणीच करायची असेल तर %ऑप्शन मेन द्या. अनेक फाइली खरंच वाचायच्या असतील तर वायवायरॅप स्वतः लिहा आणि शून्य परत करण्याआधी वायवायइन (स्कॅनर जिथून वाचतो तो फाइल पॉइंटर) नव्या फाइलीकडे वळवा, नुसतं शून्य परत केलंत तर प्रोग्रॅम संपलेल्या फाइलीलाच विचारत बसेल.

वायवायलेक्स सापडत नाही अशी एरर असेल तर तिच्याकडे नीट डोळे फाडून बघा. नावापुढे रिकामे कंस छापलेत का? असतील तर पार्सर (स्कॅनरने पाडलेले तुकडे व्याकरणाने जुळवणारा भाग) सी प्लस प्लसने कंपाइल झालाय आणि स्कॅनर सीने, दोघांची नावं जुळत नाहीयेत, पार्सरमधल्या डिक्लरेशनला एक्स्टर्न सी लावा किंवा दोन्ही एकाच कंपायलरने करा. कंस नसतील तर बहुधा लेक्स.वायवाय.ओ ही फाइल लिंकच्या ओळीत द्यायचीच राहिलीये.

आता मेक. माझ्या मते 'परत परत' या शब्दातला मोठा वाटा याचाच आहे आणि याच्यावर संशय कोणी घेत नाही, कारण ते काही बोलत नाही.

ग्नू मेकला .एल फाइलीवरून .सी फाइल कशी करायची हे तुम्ही न सांगताच माहीत असतं. समजा तुमच्याकडे स्कॅन.एल आहे आणि मदतीची फंक्शनं तुम्ही हाताने स्कॅन.सी नावाच्या फाइलीत लिहिलीत. स्कॅन.सीसाठी तुमचा स्वतःचा रूल नसेल आणि स्कॅन.एल जास्त नवी असेल तर मेक स्कॅन.सी पुसतं आणि तिथे फ्लेक्सचं आउटपुट टाकतं. तुमची फाइल गेली. गिटमधून परत आणता, चालतं, स्कॅन.एलला हात लावता, परत गेली. दोघांची नावं वेगळी ठेवा, एवढाच उपाय. नाहीतर मेकफाइलीत %.सी: %.एल एवढीच, खाली कमांड नसलेली ओळ लिहिली की तो आतला रूल रद्द होतो.

याचंच दुसरं रूप म्हणजे बनवलेली स्कॅन.सी गायब होणं. मेकला वाटतं ही मधल्या टप्प्याची फाइल, ऑब्जेक्ट तयार झाली, आता हिचं काय काम, आणि शेवटी एक 'आरएम स्कॅन.सी' छापून ती उडवतं. डीबगर उघडला की फाइल नाही. मेकफाइलीत त्या फाइलीचं नाव स्पष्ट कुठेतरी टार्गेट म्हणून लिहिलंत की ती मधली राहत नाही आणि टिकते.

तिसरं सगळ्यात चीड आणणारं. तो आतला रूल फ्लेक्सला -टी देऊन आउटपुट शेलच्या > ने फाइलीत वळवतो, आणि बरेच जण स्वतःचा रूलही तसाच लिहितात. आता फ्लेक्स एरर देऊन मधेच थांबलं तर काय होतं? फाइल शेलने आधीच उघडलेली असते, ती रिकामी किंवा अर्धवट राहते, पण तिची वेळ ताजी असते. पुढच्या वेळी मेक चालवलं की ते म्हणतं फाइल तर नवीये, फ्लेक्स चालवायची गरज नाही, आणि सरळ ती अर्धी फाइल जीसीसीकडे देतं. आता एररही वेगळी दिसते, मूळची फ्लेक्सची एरर गेलेली असते, आणि माणूस तिसऱ्याच वाटेला लागतो. उपाय दोन, रूलमध्ये > ऐवजी -ओ देऊन फ्लेक्सलाच फाइल लिहू द्या, आणि मेकफाइलीत कुठेही .डिलीट_ऑन_एरर: हे टार्गेट टाका म्हणजे कमांड फेल झाली की अर्धवट फाइल मेक स्वतःच पुसेल. हे दुसरं तर फ्लेक्स असो नसो प्रत्येक मेकफाइलीत असावं.

पार्सर बनवून देणारं बायसन सोबतीला असेल तर आणखी एक. स्कॅनरला टोकनचे (ओळखलेल्या तुकड्यांच्या प्रकारांचे) नंबर पार्सर.टॅब.एचमधून मिळतात, ती फाइल बायसनला -डी दिल्यावरच बनते, आणि ती स्कॅनर कंपाइल व्हायच्या आधी बनायला हवी. मेकला हे सांगितलं नसेल तर एरवी नशिबाने क्रम बरोबर लागतो आणि मेक -जे देऊन चार कामं एकदम सोडली की कधी चालतं, कधी 'नो सच फाइल'. 'परत एकदा मेक मारलं की होतं' असं कोणी म्हणालं की समजायचं हेच आहे. यापेक्षा वाईट म्हणजे हेडर आहे पण जुना आहे. बायसनमध्ये टोकनचे नंबर साधारण २५८ पासून ओळीने लागतात, मधे एक नवं टोकन घुसवलं की खालच्या सगळ्यांचे नंबर एकने सरकतात, पार्सर नवा होतो, पण स्कॅनरची ऑब्जेक्ट फाइल हेडरवर अवलंबून आहे हे मेकला कुठे माहीत, ती जुनीच राहते आणि जुने नंबर पाठवत राहते. मग एकदम बरोबर इनपुटवर 'सिंटॅक्स एरर', आणि व्याकरणात काही सापडत नाही कारण व्याकरण बरोबरच आहे. स्कॅन.ओच्या डिपेंडन्सीत पार्सर.टॅब.एच लिहा, एक ओळीचं काम. तोवर खात्री करायला मेक -बी (कॅपिटल बी) मारून सगळं नव्याने बांधा, एरर गेली तर आजार मेकफाइलीतच होता.

ऑटोटूल्सवाल्या प्रोजेक्टात (जिथे मेकफाइल कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट बनवते) फ्लेक्स नसलेल्या मशीनवर कॉन्फिगर चालवलं तर ते काही वेळा थांबत नाही, लेक्सच्या जागी नुसता कोलन ठेवतं, आणि शेलमध्ये कोलन म्हणजे काहीही न करता यशस्वी होणारी कमांड. म्हणून फ्लेक्स 'चालतं' पण फाइल बनत नाही. अशा वेळी फ्लेक्स इन्स्टॉल करून भागत नाही, कॉन्फिगर परत चालवावं लागतं, नाहीतर मेकफाइलीत तो कोलन तसाच बसलेला असतो.

इथून पुढे सगळं नीट बांधलं जातं पण चालताना उद्योग करतं. पहिली गोष्ट, आउटपुटमध्ये भलतीच अक्षरं उमटतात. ती ज्या अक्षरांना तुमचा एकही पॅटर्न लागत नाही ती, फ्लेक्सचा न लिहिलेला शेवटचा नियम त्यांना जसंच्या तसं छापतो. %ऑप्शन नोडिफॉल्ट दिला की हे छापणं बंद होतं आणि त्याऐवजी प्रोग्रॅम 'फ्लेक्स स्कॅनर जॅम्ड' म्हणून थांबतो. मी नोडिफॉल्ट ठेवतो आणि शिवाय सगळ्यात खाली टिंबाचा एक रूल लिहून त्यात ओळ नंबरासकट एरर छापतो, कारण जॅम्ड म्हणून मरणारा प्रोग्रॅम कुठे मेला ते सांगत नाही. फक्त टिंबाला नवी ओळ लागत नाही, तिचा रूल वेगळा लिहायचा.

दुसरी, वायवायटेक्स्ट, म्हणजे जुळलेला मजकूर. टोकनचं नाव साठवलं आणि नंतर छापलं तर नावाबरोबर पुढचं बरोबरचं चिन्ह आणि आकडाही चिकटून येतो. बायसनचा काही संबंध नाही. वायवायटेक्स्ट हा फ्लेक्सच्या स्वतःच्या बफरमध्ये रोखलेला पॉइंटर आहे, टोकन संपलं तिथे फ्लेक्स तात्पुरता शून्य बाइट ठेवतं आणि पुढच्या टोकनला निघताना मूळ अक्षर परत बसवतं, म्हणून तुमचा जुना पॉइंटर पुढचा मजकूरही दाखवायला लागतो. आणि बफर परत भरला गेला की तिथे काहीही असू शकतं, म्हणून छोट्या फाइलीवर चालणारा प्रोग्रॅम मोठ्या फाइलीवर कचरा छापतो. एसटीआरडुपने कॉपी घ्या, काम झाल्यावर फ्री करा. अनपुट (अक्षर परत इनपुटमध्ये ढकलणारं फंक्शन) वापरत असाल तर त्याच्या आधी कॉपी घ्या, ते वायवायटेक्स्टची वाट लावतं.

तिसरी, ओळीच्या शेवटी लागणारा पॅटर्न, म्हणजे $ वाला, एका फाइलीवर चालतो आणि दुसरीवर नाही. ती दुसरी फाइल विंडोजवरून आलीये. तिथे नव्या ओळीच्या आधी कॅरेज रिटर्न असतो आणि फ्लेक्सचा $ फक्त थेट नव्या ओळीच्या आधीच लागतो. ओडी -सी ने फाइल बघा, \आर \एन दिसेल. एक तर \आर गिळणारा रूल लिहा आणि $ सोडून द्या, नाहीतर इनपुट आधी साफ करा. पहिलं बरं, कारण साफ करायचं कोणीतरी विसरतंच.

चौथी, एका फाइलीत कमेंट बंद करायची राहिली आणि पुढची बरोबर फाइलही सगळी कमेंट म्हणून गिळली गेली. वायवायरीस्टार्टने फाइल बदलते पण स्टार्ट कंडिशन बदलत नाही, स्कॅनर अजून कमेंटच्याच अवस्थेत असतो. नव्या फाइलीआधी बिगिन(इनिशियल) स्वतः करा. ओळीचा नंबरही मागचाच पुढे चालू राहतो, वायवायलाइननो परत एकवर आणा.

यातलं कुठलं लागू आहे ते अंदाजाने ठरवू नका, फ्लेक्सला -डी देऊन स्कॅनर परत बनवा आणि चालवा. प्रत्येक टोकनला तो सांगतो की स्कॅन.एलच्या अमुक ओळीवरचा रूल लागला आणि कंसात काय मजकूर गिळला, न जुळलेल्या अक्षराला 'डिफॉल्ट रूल' म्हणतो. एवढं वाचलं की बहुतेक प्रश्न तिथेच संपतात.

मराठी मजकूर स्कॅन करायचा असेल तर हे शेवटचं वाचा, कारण ही अडचण वरच्या कशातच बसत नाही. फ्लेक्सला अक्षर कळत नाही, बाइट कळतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून टिंब एका चिन्हाचा तिसरा हिस्सा उचलतं, वायवायलेंगमध्ये 'मराठी'ची लांबी पाचाऐवजी पंधरा येते (म, र, आकार, ठ, ईकार), आणि चौकटी कंसात अ-ह लिहिलंत तर फ्लेक्स त्या बाइटांचीच खिचडी करतं. पूर्ण देवनागरी ब्लॉक ऑक्टलमध्ये असा लिहायचा, \३४०[\२४४\२४५][\२००-\२७७], त्याला वरच्या भागात नाव द्या आणि पुढे ते नाव महिरपी कंसात वापरा. आणि मराठी मजकुरावर काम अडत असेल तर मेकफाइलीत वेगासाठी कोणी -सीएफ दिलंय का बघा, त्या ऑप्शनने फ्लेक्स मुळात सात बिटांचा स्कॅनर बनवतं आणि १२७ च्या वरचे बाइट त्याच्या हिशेबातच नसतात. सोबत -८ द्या.